भूमीखालचा उजेड

कोणत्याही वास्तूचे नाव घेतले की डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो तिचा दर्शनी भाग. शनिवारवाडा म्हटला की दिल्ली दरवाजा आठवतो. मुंबईचे जुने व्हिक्टोरिया टर्मिनस म्हटले की घुमट आणि घड्याळ आठवते. तंजावरचे नाव निघाले की बृहदीश्वराचे उत्तुंग विमान आठवते. माणसाला जसा चेहरा, तसा वास्तूला दर्शनी भाग. भुयारी रेल्वे स्थानक ही मात्र अशी वास्तू आहे की तिला चेहराच नाही. रस्त्यावरून दिसते ते फार तर एखादे छप्पर, एक नामफलक आणि जमिनीत उतरणारा जिना. बाकीची सारी वास्तू मातीखाली असते. तिला बाहेरची बाजू नाही. आहे ती केवळ आतली.

याचा परिणाम असा होतो की, अशा स्थानकाला चेहरा देण्याचे काम वास्तुशिल्पज्ञाच्या खालोखाल छायाचित्रकाराकडे येते. ज्यांनी ते स्थानक कधी पाहिले नाही त्यांना ते चित्रावरूनच ठाऊक होते. आणि जे रोज तेथून जातात तेही ते पाहत असतात असे नाही. कामावर निघालेल्या माणसाची दृष्टी गाडीची वेळ सांगणाऱ्या फलकावर असते, पायाखालच्या पायरीवर असते, हातातल्या फोनवर असते. आपल्या डोक्यावर काय आहे हे पाहण्याची त्याला सवड नसते. कोणी तरी थांबून, उजेडाची वाट पाहून टिपलेले एखादे चित्र त्याच्या पाहण्यात येते, तेव्हा आपण रोज कोठून जातो हे त्याला प्रथमच उमगते. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या वास्तूंची अशी ओळख लोकांना कोणी करून द्यावी आणि कशी करून द्यावी, हा प्रश्न वरवर वाटतो तितका किरकोळ नाही.

पुण्याचे उदाहरण घेऊ. पुणे मेट्रोच्या पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या मार्गाचा शिवाजीनगरपासून पुढचा सुमारे ६ किलोमीटरचा भाग जमिनीखालून जातो आणि त्यावर ५ भुयारी स्थानके आहेत. पैकी शिवाजीनगर आणि सिव्हिल कोर्ट ही दोन १ ऑगस्ट २०२३ रोजी खुली झाली. कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट ही तीन २९ सप्टेंबर २०२४ रोजी. सिव्हिल कोर्ट स्थानकाला पुढे जिल्हा न्यायालय असे नाव मिळाले. पण लोकांच्या तोंडी पहिलेच नाव रुळले आहे. या स्थानकाचा सर्वांत खोल बिंदू जमिनीखाली ३३.१ मीटर, म्हणजे जवळजवळ १०९ फूट आहे. दहा मजल्यांची इमारत उभीच्या उभी जमिनीत उतरवावी, तेवढी ही खोली. देशातील अतिशय खोल मेट्रो स्थानकांत त्याची गणना होते.

इतके खाली जाण्याचे कारण नकाशा पाहिला की ध्यानात येते. येथून पुढे गाडीला मुठेच्या पात्राखालून जावयाचे असते आणि नदी ओलांडली की लगेच जुन्या पेठांची दाट वस्ती लागते. वर वाडे, देवळे, अरुंद बोळ, आणि खाली दख्खनचा काळा कातळ. त्या कातळातून वाट काढावयाची, तर नदी आणि वस्ती यांच्यापासून पुरेसे अंतर राखून जाणे भाग होते. शिवाय याच ठिकाणी वनाज ते रामवाडी ही दुसरी मार्गिका उंच पुलावरून जाते. तेव्हा गाडी बदलणारा प्रवासी झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवरून निघतो आणि एकामागून एक सरकते जिने उतरत दहा मजले खाली पोहोचतो.

अशा खोल जागी अंधार गृहीतच धरावयाचा. या स्थानकाच्या रचनाकारांनी तो गृहीत धरला नाही. छताची योजना त्यांनी अशी केली की सूर्यप्रकाश थेट फलाटापर्यंत उतरावा. ज्यांनी लहानपणी भर दुपारी खोल आडात वाकून पाहिले असेल, त्यांना या योजनेचा अर्थ समजावून सांगण्याचे कारण नाही. कडेच्या भिंती काळोखात असतात आणि तळाशी पाण्यावर एक कवडसा हलत असतो. त्या कवडशाने आडाची खोली भयावह न वाटता मोजता येण्याजोगी वाटते. स्थानकातील उन्हाचे कार्य तेच आहे. आपण किती खाली आलो, वर जावयाचे कोणीकडे, बाहेर दिवस आहे की सांज झाली, हे त्या उजेडाने फलक न वाचता कळते.

याच मार्गावरच्या शिवाजीनगर स्थानकाची मांडणी शिवकालीन किल्ल्यांची आठवण व्हावी अशी केलेली आहे. दुसऱ्या मार्गिकेवरील छत्रपती संभाजी उद्यान आणि डेक्कन जिमखाना या उंचावरच्या स्थानकांना मावळ्यांच्या पगडीचा आकार दिला आहे. नवख्या माणसाचे लक्ष आधी तिकडे जाते आणि छायाचित्रेही त्यांचीच अधिक निघतात, हे स्वाभाविक आहे. पगडी ओळखू येते, बुरूज ओळखू येतो; समोर उभे राहून कळ दाबली की चित्र तयार. परंतु आकार हा वास्तूला चढविलेला अलंकार असतो. तो उतरवून ठेवला तरी स्थानक चालेल. सिव्हिल कोर्टातला उजेड काढून घेतला तर मात्र ते स्थानक तेच राहणार नाही. आणि गंमत अशी की, जी गोष्ट वास्तूचा प्राण आहे तीच चित्रात पकडण्यास सर्वांत कठीण आहे. ती स्थिर नसते. ती घटकेघटकेला सरकते आणि ऋतुमानाप्रमाणे जागा बदलते.

येथे थोडा हिशेब मांडला पाहिजे. पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश. त्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस, माध्यान्हीचा सूर्य नेमका माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैअखेरीस पुण्यावर ढगांचे छत असते. म्हणून उभे ऊन विहिरीच्या तळापर्यंत सरळ उतरलेले पाहावयाचे तर खरा काळ मेच्या मध्याचा. तेही घड्याळात बारा वाजता नव्हे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. पुणे त्याच्या बरेच पश्चिमेस. तेथे खरी माध्यान्ह साडेबाराच्या सुमारास होते. याउलट डिसेंबरच्या अखेरीस माध्यान्हीचाही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो. त्या तिरप्या किरणाला ३३ मीटर खाली उतरता उतरता सुमारे ३० मीटर बाजूला जावे लागते. म्हणजे तो फलाटाऐवजी कोठल्या तरी भिंतीवर किंवा जिन्यावर जाऊन थांबणार. एकच स्थानक, पण उन्हाळ्यातले चित्र आणि हिवाळ्यातले चित्र एकसारखे असावयाचे नाही. ज्याला हे ठाऊक आहे तो छायाचित्रकार कॅमेरा उचलण्यापूर्वी पंचांग पाहतो.

वेळ साधली तरी अडचणी संपत नाहीत. मनुष्याचा डोळा मोठा उदार असतो. उन्हाचा झोत आणि शेजारची सावली ही दोन्ही तो एकाच वेळी सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला तेवढे औदार्य नसते. उन्हाच्या मानाने काच उघडी ठेवावी तर भिंती डांबरासारख्या काळ्या पडतात. भिंतींच्या मानाने ठेवावी तर ऊन चुन्याच्या डागासारखे पांढरे फटफटीत होते. त्यात उजेड दोन जातींचे: वरून येणारा आकाशाचा आणि खाली दिव्यांचा. डोळ्याला दोन्ही पांढरेच वाटतात. चित्रात एक निळसर आणि दुसरा पिवळसर उतरतो. कॅमेरा वर कलता धरला की खांब एकमेकांकडे झुकून इमारत मागे कोसळत असल्यासारखी दिसते. आणि सर्वांत मोठी अडचण मापाची. रिकाम्या स्थानकाच्या चित्रात खोली कळतच नाही. ते दहा मजल्यांचे आहे की दोन, हे सांगण्यास त्यात काही नसते. तेथे एक माणूस हवा. हातात पिशवी घेऊन सरकत्या जिन्यावर उभी असलेली एखादी बाई त्या प्रचंड पोकळीत तिळाएवढी दिसते, तेव्हाच त्या पोकळीचे माप मनात भरते.

उजेड आणि काळोख यांच्याशी वास्तुकारांचा हा व्यवहार नवा नाही. आपल्या देशात तो देवळांतून शतकानुशतके चालत आला आहे, आणि त्याचा कळस पाहावयाचा तर कावेरीच्या काठी जावे. कुंभकोणमच्या जवळच साक्कोट्टै नावाचे गाव आहे. तेथे अमृतकलशनाथ या नावाने शिवाचे देवालय आहे. ते काही बृहदीश्वरासारखे जगविख्यात नाही. प्रवासी पुष्कळदा कुंभकोणमची मोठी देवळे पाहून परत फिरतात. पण द्राविडी देवालयांची जी सर्वसाधारण रीत, ती अशा लहान देवळातच निवांतपणे अनुभवता येते. बाहेर प्राकारात डोळे दिपविणारे ऊन. तेथून मंडपात पाऊल टाकले की उजेड निम्मा होतो. आणखी आत तो खांबांमधून गाळून आल्यासारखा येतो. गर्भगृहापाशी तो संपतो, आणि तेलाच्या दिव्याच्या ज्योतीत देवाचे दर्शन घडते. दर पावलाला उजेड कमी करीत नेणे हे तेथील रचनेचे सूत्र आहे. भक्ताचे बाहेर धावणारे मन हळूहळू आत वळावे, यासाठी ते योजले आहे.

भुयारी स्थानकाचे सूत्र नेमके उलट. तेथे माणूस जसजसा खाली जातो तसतसा उजेड त्याच्या सोबत खाली न्यावा लागतो. देवळातला काळोख आश्वासक असतो, कारण तेथे माणूस थांबावयास जातो. स्थानकातला काळोख भिववितो, कारण तेथून त्याला पुढे जावयाचे असते. एकाच देशातल्या दोन वास्तू, दोन्ही उजेडाचे माप नेमके जाणणाऱ्या. पण हेतू निराळे म्हणून मापे निराळी. गर्भगृहात कॅमेरा नेऊ देत नाहीत, आणि स्थानकात पुष्कळदा तो काढू देत नाहीत. या दोन मनाईंची कारणेही तितकीच निराळी आहेत. पहिली मनाई श्रद्धेची. तिचा मान राखावा. दुसरीचा विचार पुढे येईलच.

तंजावर प्रांताचा उल्लेख झालाच आहे, तर छायाचित्रणाच्या इतिहासातील एका घटनेची येथे आठवण करावी. दुसरे शिवाजीराजे १८५५ मध्ये निवर्तले आणि तंजावरचे मराठी राज्य संपले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५८ मध्ये, लिनियस ट्राइप हा लष्करातला कप्तान मद्रास सरकारचा छायाचित्रकार म्हणून तेथे आला. ज्या देवालयाच्या भिंतींवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले, त्याच देवालयाच्या पायथ्याशी राजराज चोळाच्या काळचे तमिळ शिलालेख आहेत. ट्राइपने त्यांची चित्रे एकापुढे एक अशी घेतली आणि २१ चित्रे जोडून सुमारे १९ फूट लांबीची एक अखंड पट्टी तयार केली. मोठ्या चिकाटीचे ते काम होते. पण तो काम करीत होता ते बाहेर, उघड्या उन्हात. त्या काळच्या मेणकागदी काचेविना प्रतींना भरपूर उजेड आणि पुष्कळ वेळ लागे. देवळाच्या पोटातला काळोख त्यांच्या आवाक्याबाहेर होता. पुढे खर्चाच्या कारणावरून मद्रास सरकारने ते कामच बंद केले. तेवढ्या अल्प मुदतीत त्याने जे टिपून ठेवले, त्यावाचून दक्षिणेच्या वास्तूंचा अभ्यास आज अपुरा राहिला असता.

जमिनीखाली कॅमेरा नेण्याचे धाडस त्याच सुमारास पॅरिसमध्ये नादार या छायाचित्रकाराने केले. १८६१ पासून पुढे त्याने त्या शहराखालची अस्थिभुयारे आणि सांडपाण्याचे बोगदे यांची चित्रे घेतली. त्यासाठी विजेचे घट, तारा आणि झगझगीत दिवे त्याला बरोबर न्यावे लागले. एकेका चित्राला कधी कधी १८ मिनिटे लागत. इतका वेळ जिवंत माणूस निश्चल उभा राहणे शक्य नव्हते. म्हणून मजुराचे कपडे चढविलेला पुतळा तो त्या जागी उभा करी. मापासाठी चित्रात माणूस हवा, हे त्यालाही पटले होते, हे यावरून दिसते.

तिसरे उदाहरण आपल्या घरचे. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रे मूळच्या काळोखात आहेत, आणि झगझगीत दिव्याने त्यांच्या रंगांना बाध येतो. १९९१ मध्ये बिनॉय बहल यांनी तेथे अगदी मंद उजेडात, कॅमेऱ्याची काच दीर्घकाळ उघडी ठेवून चित्रे घेतली. काळोखावर हल्ला न करता त्यांनी त्याच्यापाशी धीर धरला, आणि शतकांपूर्वीचे रंग हळूहळू चित्रात उमटले. या तिघांकडे एकत्र पाहिले म्हणजे काळोखाशी वागण्याच्या तीन तऱ्हा दिसतात. एकाने काळोख बाहेर ठेवला, दुसऱ्याने त्यात स्वतःचा दिवा नेला, तिसऱ्याने आत आहे तोच उजेड पुरेसा मानला. भुयारी स्थानकाच्या छायाचित्रकाराला वाट तिसरी. तेथला उजेड हाच तर रचनेचा विषय. त्यावर आपला दिवा पाजळला की जे टिपावयाचे तेच पुसले जाते.

उजेड खाली नेण्याचा प्रश्न जगात इतरांनीही सोडविला आहे. मॉस्कोचे मायाकोव्हस्काया स्थानक १९३८ मध्ये खुले झाले. दुश्किन हा त्याचा वास्तुशिल्पज्ञ. खोलीने ते पुण्याच्या स्थानकाच्या बरोबरीचे. पण तेथे आकाश दिसण्याची सोय नाही. तेव्हा दैनेका या चित्रकाराकडून छतातल्या घुमट्यांत रंगीत तुकड्यांची चित्रे बसवून घेण्यात आली. विषय होता आकाशाचे चोवीस तास. प्रवाशाने मान वर केली की त्याला विमाने, झाडांच्या फांद्या, उगवती आणि मावळती दिसावी. जेथे सूर्य नेता आला नाही तेथे त्यांनी सूर्याचे चित्र नेले. पुण्यात प्रत्यक्ष सूर्यच नेला गेला. दोन्ही योजनांमागची तळमळ एकच आहे: जमिनीखाली गेलेल्या माणसाला आकाशाची आठवण राहावी. पुढे युद्धकाळात, ६ नोव्हेंबर १९४१ रोजी, क्रांतीच्या वर्धापनदिनाची सभा याच स्थानकात भरली, कारण वरचे खरे आकाश त्या दिवसांत सुरक्षित नव्हते.

त्याच युद्धात लंडनवर रात्रीमागून रात्री बॉम्ब पडत असता तेथील नागरिक भुयारी स्थानकांत झोपावयास जात. नोव्हेंबर १९४० मध्ये बिल ब्रांट या छायाचित्रकाराने सरकारच्या सांगण्यावरून त्यांची चित्रे घेतली. एलिफंट अँड कॅसल या स्थानकाच्या फलाटावर दाटीवाटीने, पांघरुणे ओढून निजलेली माणसे त्यांत दिसतात. फलाटाची कमान आणि नामफलक जागच्या जागी आहेत. पण ती वास्तू आता स्थानक राहिलेली नाही, ती हजारो बिऱ्हाडांची ओसरी झाली आहे. वास्तूचे छायाचित्र म्हणजे निर्मनुष्य, धुतल्यासारखे स्वच्छ चित्र, अशी जी समजूत पुष्कळांची असते, तिला या चित्रांइतके चोख उत्तर दुसरे नाही. रचना कितीही देखणी असो, तिची परीक्षा होते ती तिच्यात माणसे आल्यावरच.

आता मनाईचा प्रश्न. आपल्याकडे रेल्वे स्थानके, पूल, विमानतळ यांच्या छायाचित्रणाकडे बराच काळ संशयाने पाहिले गेले, आणि भुयारी स्थानकांतही मनाईचे फलक दिसत आले. यामागचा कायदा काय आहे, हे पाहणे उपयुक्त ठरेल. १९२३ च्या शासकीय गुपितांच्या अधिनियमात निषिद्ध ठिकाणांची व्याख्या आहे. रेल्वे किंवा तिचे बांधकाम त्या व्याख्येत येऊ शकते. परंतु केंद्र सरकारने राजपत्रात तशी अधिसूचना काढली असेल तरच. केवळ रेल्वे आहे म्हणून ते ठिकाण आपोआप निषिद्ध ठरत नाही. दुसरीकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात अशी स्पष्ट तरतूद आहे की, वास्तुशिल्पाचे चित्र किंवा छायाचित्र काढणे व प्रसिद्ध करणे हा वास्तुशिल्पज्ञाच्या हक्काचा भंग होत नाही. म्हणजे वास्तू कोणी का रचलेली असेना, ती पाहण्याचा आणि तिचे पाहणे दुसऱ्यापर्यंत पोहोचविण्याचा अधिकार कायद्याने नागरिकाकडे ठेवला आहे.

याचा अर्थ स्थानकात वाटेल तसे वागावे असा होत नाही. स्थानक ज्याच्या ताब्यात आहे त्या संस्थेला आवारातील शिस्तीचे नियम करावेच लागतात. धंदेवाईक चित्रणासाठी तिची परवानगी घ्यावी लागते, आणि ते योग्यच आहे. गर्दीच्या फलाटावर तिपाई रोवून बसणे म्हणजे इतरांच्या वाटेत अडथळा आणणे. गाडी येत असता झगझगीत प्रकाश पाडला तर चालकाचे डोळे दिपण्याचा धोका असतो. नियंत्रणाच्या खोल्या आणि सुरक्षेची यंत्रणा यांच्याकडे कॅमेरा वळविण्याचे कारण नाही. अनोळखी माणसाचा, विशेषतः स्त्रिया आणि मुले यांचा, चेहरा जवळून टिपावयाचा तर आधी विचारावे. एवढी मर्यादा सांभाळणाऱ्याला सरसकट मनाईने परत पाठविण्यात कोणाचे हित साधते, हे कळणे कठीण आहे. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. मनाईने अडतो तो नियम पाळणारा, विचारपूर्वक चित्र घेऊ पाहणारा माणूस. ज्याला वाईट हेतूने काही टिपावयाचे आहे तो फलक वाचून थांबत नाही.

आणि अशा चित्रांची आवश्यकता केवळ सौंदर्यासाठी नसते. मुंबईची कफ परेड ते आरे ही भुयारी मार्गिका ३३.५ किलोमीटरची आहे. तिच्यावर २७ स्थानके असून त्यांपैकी २६ जमिनीखाली आहेत. ती तीन टप्प्यांत, ऑक्टोबर २०२४, मे २०२५ आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये खुली झाली. दुसऱ्या टप्प्याचे शेवटचे स्थानक वरळीचे आचार्य अत्रे चौक. ते सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २६ मे २०२५ रोजी अवेळी आलेल्या धुवाधार पावसाचे पाणी, काम पुरे न झालेल्या एका प्रवेशमार्गातून, आत शिरले. त्या सकाळची चित्रे घटकाभरात शहरभर गेली. उद्घाटनाच्या दिवशीची झगमगती चित्रे लोकांच्या डोळ्यांपुढून अजून हलली नव्हती, तोच ही दुसरी चित्रे त्यांच्या शेजारी येऊन बसली.

या दोन चित्रांपैकी खरे कोणते, असा प्रश्न विचारणे व्यर्थ आहे, दोन्ही खरीच. उद्घाटनाचे चित्र रचनाकाराने काय योजिले ते सांगते. पावसाचे चित्र ती योजना कोठे उणी पडली ते सांगते. उत्तम कारभाराला दोन्हींची गरज असते. पहिल्यावाचून लोकांना आपल्या मालकीच्या वास्तूचा अभिमान वाटणार नाही, आणि दुसऱ्यावाचून दुरुस्ती वेळेवर होणार नाही. अडचण येते ती एकाच जातीची चित्रे जपली गेली की. सरकारी दफ्तरात बहुधा फीत कापल्याच्या दिवसाची चित्रे असतात, आणि वृत्तपत्रांत अपघाताच्या दिवसाची. या दोन दिवसांच्या मध्ये जे हजारो साधे दिवस असतात, ज्यांत स्थानक आपले काम मुकाट्याने करीत असते, त्यांचे चित्र कोणापाशीच नसते.

तेथेच नागरिक छायाचित्रकाराचे खरे क्षेत्र आहे. त्याला कोणाचा समारंभ सजवावयाचा नसतो आणि कोणाचा दोष शोधावयाचा नसतो. एकाच जागेवरून, एकाच तासाला, दर ऋतूत एक चित्र घ्यावे. मागे तारीख, वेळ आणि आपण कोठे उभे होतो ते लिहून ठेवावे. एवढे केले तरी दहा वर्षांनी ती मालिका अनमोल ठरेल. छताची काच मळली का, फलाटावर येणाऱ्या उन्हाच्या वाटेत जाहिरातीची पाटी आली का, भिंतीला ओल कोठे धरली, गर्दी कोणत्या जिन्यावर तुंबते, हे सारे त्यात आपोआप नोंदले जाईल. ट्राइपच्या चित्रांनीही हेच केले. शिलालेखांची सजावट करून दाखविण्याचे त्याने मनात आणले नाही. जे आहे ते, जसे आहे तसे, तुटक न ठेवता त्याने मांडले. म्हणून त्या चित्रांना पावणेदोनशे वर्षांच्या आसपास जाऊनही किंमत आहे.

भुयारी स्थानके आपल्या देशात आता नवलाईची राहिलेली नाहीत. १९८४ मध्ये कलकत्त्याला पहिली भुयारी गाडी धावली, तेव्हा ती पाहण्यासाठीच लोक तिकीट काढीत. आज पुणे, मुंबई, चेन्नई, दिल्ली येथे लक्षावधी लोक रोज जमिनीखाली उतरतात आणि वर येतात. नवल ओसरले की लक्षही ओसरते, आणि लक्ष ओसरले की हेळसांड सुरू होते. सिव्हिल कोर्टाच्या छतातून उतरणारे ऊन हे कोणा एका संस्थेचे यश म्हणून मिरविण्यासाठी योजलेले नाही. सकाळी कामावर जाणाऱ्या कारकुनाला, न्यायालयात तारखेसाठी आलेल्या शेतकऱ्याला, मंडईत निघालेल्या बाईला, जमिनीखाली दहा मजले गेल्यावरही आपण दिवसाच्या उजेडातच आहोत असे वाटावे, एवढ्यासाठी ते आहे. ती सोय टिकावयाची असेल तर तिच्याकडे कोणी तरी पाहत राहिले पाहिजे. छायाचित्र घेणे हा त्या पाहण्याचाच एक सावध आणि चिकाटीचा प्रकार आहे; आणि त्यासाठी लागणारी सामग्री, म्हणजे थोडी सवड, थोडा धीर आणि मान वर करण्याची इच्छा, ही कोणाही प्रवाशापाशी असू शकते.